उसाच्या कांडीतली शर्यत

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर ज्या शब्दाची ये-जा असते, तो शब्द म्हणजे ‘पोल’. पहिल्या मिलच्या रसाचा पोल, बगॅसमध्ये राहिलेला पोल, मळीत गेलेला पोल. रेठरे बुद्रुक असो, साखराळे असो की भुईंज, पाळीवरचा केमिस्ट निवळलेला रस एका नळीत भरतो, तिच्यातून ध्रुवित प्रकाश सोडतो आणि प्रकाशाचे प्रतल किती वळले ते वाचतो; पोल ठरतो तो यावरून. उसाची साखर ते उजवीकडे वळवते. तीच साखर पाण्याचा एक रेणू घेऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी दुभंगली, की मिश्रण प्रकाशाला डावीकडे वळवू लागते, कारण फ्रुक्टोजची डावी ओढ ग्लुकोजच्या उजव्या ओढीपेक्षा जबर असते. दिशा उलटते म्हणून या अभिक्रियेचे नाव इन्व्हर्शन. ‘साखर इन्व्हर्ट झाली’ याचा कारखान्यातला अर्थ असा, की पोत्यात जायची ती मळीत गेली. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन अभ्यासकाने आम्ल घातलेल्या साखरेच्या द्रावणावर हीच युक्ती वापरली आणि ठरावीक अंतराने कोन टिपत गेला. त्याला दिसले, की कोणत्याही क्षणी साखर दुभंगण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. म्हणजे निम्मी साखर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उरलेल्यातली निम्मी जायला लागतो. रासायनिक अभिक्रियेचा वेग गणितात बसवण्याचे हे पहिले यश. तीसेक वर्षे त्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. विल्हेल्म ओस्टवाल्डने ते पुढे उजेडात आणले.

यानंतरचे दोन मोठे टप्पेही उसाच्या साखरेवरच पार पडले. १८८९ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियसने तापमान आणि वेग यांचे सूत्र मांडले, ते आम्लाने होणाऱ्या साखरेच्या इन्व्हर्शनचा विचार करताना. १९१३ मध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या कामाचे गणित बांधले, तेही साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर. ज्या पदार्थावर कृष्णाकाठचे अर्थकारण उभे आहे, त्याच पदार्थावर वेगाचे शास्त्र उभे राहिले. असे असूनही आपल्याकडे हे शास्त्र शिकवले जाते ते एका यादीच्या रूपात. दहावीच्या पुस्तकात अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे घटक दिलेले आहेत: अभिकारकांचे स्वरूप, कणांचा आकार, संहती, तापमान, उत्प्रेरक. यादी बरोबर आहे. तिची अडचण एवढीच, की ती एका वेळी एकाच अभिक्रियेचा विचार करते, आणि वेग वाढला म्हणजे काम झाले असे गृहीत धरते. सातारा-सांगलीच्या रानात, गुऱ्हाळात, बेदाण्याच्या शेडवर आणि कारखान्यात असे एकटे-दुकटे काही घडत नाही. तोडलेल्या कांडीत, काहिलीतल्या रसात, सुकणाऱ्या मण्यात एकाच वेळी तीन-चार अभिक्रिया धावत असतात, त्यातली एखादी हवी असते आणि बाकीच्या नको असतात. प्रत्येक घटक या सगळ्यांना सारखा ढकलत नाही. म्हणून इथला खरा प्रश्न वेग किती हा नसून दोन वेगांचे गुणोत्तर काय, हा आहे. आणि या दोन जिल्ह्यांतले बहुतेक शेतीउद्योग म्हणजे ते गुणोत्तर आपल्या बाजूने झुकवण्याच्या रीती आहेत, असे माझे म्हणणे आहे.

त्याआधी एक मूळचाच आक्षेप निकालात काढायला हवा. जे व्हायचे ते होणारच, पदार्थाच्या अंगी जी ओढ आहे ती शेवटी जिंकणारच, मग वेगाची एवढी चिकित्सा कशाला? ओढ आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच या आक्षेपाचे उत्तर. साखर आणि हवेतला ऑक्सिजन यांची ओढ प्रचंड आहे. दोघांचे मिळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हावे, असाच ऊर्जेचा कल आहे. तरीही गोदामातली साखरेची पोती वर्षानुवर्षे हवेत उभी राहतात आणि काही होत नाही. तीच साखर पिठासारखी बारीक होऊन हवेत तरंगू लागली की मात्र ठिणगी पुरते: अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी अशा धुळीचा स्फोट होऊन १४ माणसे गेली. पदार्थ तोच आणि ओढही तेवढीच होती, फक्त हवेला भिडणारा पृष्ठभाग अफाट वाढला होता. तेव्हा काय होऊ शकते हे ओढीवरून कळते. आपल्या हयातीत, हंगामात किंवा पाळीत काय होईल हे वेगावरून.

तापमानाचा घटक सगळ्यांना माहीत असतो आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी माहीत असतो. उष्णतेने रेणू वेगाने धावतात, जास्त आदळतात, म्हणून अभिक्रिया जोरात होते, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. हिशेब करून पाहावा. तापमान २५ वरून ३५ अंशांवर नेले तर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. अभिक्रियेचा वेग मात्र दुप्पट, तिप्पट, कधी चौपट होतो. एवढी झेप नुसत्या धडकांच्या संख्येतून येणार नाही. अऱ्हेनियसचे उत्तर असे होते, की रेणूंच्या गर्दीतले थोडेच रेणू कोणत्याही क्षणी अभिक्रियेला लायक असतात. त्यांच्याकडे एक किमान ऊर्जा, सक्रियण ऊर्जा, असावी लागते, आणि तापमान किंचित वाढले तरी या लायक रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. खंबाटकी घाटाचे उदाहरण इथे कामी येते. रेणूंना घाट चढून जायचे आहे. तापमान म्हणजे इंजिनाची ताकद आणि उत्प्रेरक म्हणजे बोगदा. (उदाहरणाला एक खोट आहे. खंबाटकीचा जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आणि घाट पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्यांसाठी, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. उत्प्रेरकाचा बोगदा असा एकेरी नसतो. तो अभिक्रिया पुढे जितकी सोपी करतो तितकीच मागेही करतो, म्हणून अंतिम समतोल तो हलवू शकत नाही.)

‘दर दहा अंशांना वेग दुप्पट’ हा आडाखा परीक्षेपुरता ठीक आहे, पण इथल्या कामात तो फसवा ठरतो. घाट उंच असेल तर तापमानाचा परिणाम जास्त, बुटका असेल तर कमी. आम्लाने होणाऱ्या इन्व्हर्शनची सक्रियण ऊर्जा मोलला सुमारे १०८ किलोज्यूल आहे, म्हणून २५ ते ३५ अंशांत तो वेग चौपट होतो. इन्व्हर्टेजचा बोगदा खणलेला असेल तर घाटच निम्म्यावर येतो आणि त्याच दहा अंशांत वेग दुपटीच्याही आत राहतो. दुधाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. जंतू मारण्यासाठी दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवा किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, काम सारखेच होते. म्हणजे नऊ अंशांच्या बदल्यात वेळ १२० पटींनी वाचला. दुधाचा रंग आणि चव बदलणाऱ्या अभिक्रियांचा घाट इतका उंच नसतो. नऊ अंशांनी त्या दोन-तीन पटच वाढतात आणि त्यांना मिळणारा वेळ १२० पट कमी होतो. म्हणून डेअऱ्यांनी जास्त तापमान आणि थोडा वेळ हा मार्ग पत्करला. तापमान वाढवल्याने दोन्ही अभिक्रिया वेगावल्या, पण त्यांच्यातले अंतर हव्या त्या बाजूने वाढले. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला नेमके उलटे हवे असते: मंद आचेवर खवा ढवळत राहायचे, म्हणजे दुधातली साखर आणि प्रथिने एकमेकांशी जुळून तो खमंग तपकिरी रंग चढायला वेळ मिळतो. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांलाच उकळते आणि उघड्या पातेल्यातली डाळ रेंगाळते, हाही तापमानाचाच खेळ. कुकरचे झाकण लावले की दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाते.

आता तोडलेला ऊस. तोडीपासून २४ तासांच्या आत तो गाळला जावा, हा नियम टोळीच्या मुकादमापासून कार्यकारी संचालकापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. तो का, याचे उत्तर ‘ऊन लागून रस आटतो’ असे दिले जाते, आणि वजनापुरते ते खरेही आहे. साखरेचे काय होते ते मात्र आत घडते. उभ्या उसाच्या पेशींत साखर साठवणे आणि ती फोडून वाढीसाठी वापरणे ही दोन्ही कामे चालूच असतात. थंडीत वाढ मंदावते, फोडणारी बाजू मागे पडते आणि कांडीत साखर साचते. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातला साखर उतारा राज्यात वरचढ असतो, त्यात जमीन, पाणी आणि जात यांच्याबरोबर या हवेचाही वाटा आहे. कोयता बसला की साठवण थांबते, इन्व्हर्टेज मात्र थांबत नाही. त्याला थोडी आम्लता मानवते, आणि उसाच्या रसाचा सामू पाच-साडेपाचच्या घरात, म्हणजे त्याच्या सोयीचा असतो. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रसात आम्लही आहे आणि आम्लही साखर फोडते; मग दोष कोणाचा? २५ अंशांवर त्या सामूचे आम्ल इतके सुस्त असते, की त्याने दिवसभरात केलेले नुकसान मोजण्यापलीकडचे असावे. तोच रस १०० अंशांवर नेला की आम्लाचा वेग सुमारे सहा हजार पट होतो, आणि रस तसाच आंबट ठेवला तर तासाला टक्काभर साखर जाऊ शकते. विकर मात्र तोवर उष्णतेने केव्हाच मोडून पडलेले असते. रानात आणि केनयार्डात गुन्हेगार विकर, कारखान्यात गुन्हेगार आम्ल. साखर तीच, नुकसानही तेच, पण गुन्हेगार बदलला म्हणून उपायही बदलतो: तिथे वेळ तोडायची, इथे सामू सुधारायचा. ‘उत्प्रेरक वेग वाढवतो’ या एका ओळीत हे मावत नाही.

यात तिसरा भिडू असतो ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू. तो कापलेल्या टोकातून शिरतो, साखर फोडतो आणि तिच्यापासून डेक्स्ट्रान हा चिकट, लांबलचक रेणू बनवतो. डेक्स्ट्रानाने रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, साखरेचे स्फटिक लांबट वाढतात. साखर जाते ती जातेच, वर उरलेली काढणेही अवघड होते. या भिडूला वाट हवी असते आणि वाट म्हणजे उघडा पृष्ठभाग. कोयत्याने तोडलेल्या अडीच मीटरच्या उसाला दोन टोके असतात. हार्वेस्टर त्याच उसाचे पाव-पाव मीटरचे दहा तुकडे करतो, म्हणजे वीस टोके. ‘कणांचा आकार’ हा पुस्तकातला घटक इथे ट्रॉलीत भरलेला दिसतो. जळीत उसाचेही तसेच: आगीने वरचे मेण वितळते, साल तडकते, आतले तापमान चढते, आणि कारखाने अशा उसाला कपात का लावतात ते कळते. यावर हार्वेस्टरवाल्यांचा आक्षेप रास्त आहे. तोडणीच्या टोळीला एक खेप भरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी वेळात यंत्र ती भरते. तेव्हा टोके दसपट झाली तरी वेळ घटल्याने हिशेब बरोबरीत सुटतो. सुटतो, पण एका अटीवर. यंत्राने वाचवलेला वेळ गव्हाणीपर्यंत वाचलेलाच राहिला पाहिजे. तुकड्यांची ट्रॉली मोळ्यांच्या ट्रॉलीमागे त्याच रांगेत आठ-दहा तास उभी राहिली, तर यंत्राचा फायदा रांगेत जातो आणि वीस टोकांचा तोटा मात्र पदरात राहतो. मंगळवेढ्याच्या किंवा बीडच्या टोळ्या कमी पडू लागल्या म्हणून यंत्रे आली; रांगेचे नियम मात्र कोयत्याच्याच काळातले राहिले, तर रसायनशास्त्र त्याची दखल घेतल्यावाचून राहत नाही.

कारखान्याच्या आतली रचना या दृष्टीने पाहिली तर एकेक यंत्र म्हणजे वेगावर घातलेला लगाम वाटते. आधी चुना. सामू एका एककाने वर गेला की हायड्रोजन आयन दहापट घटतात, म्हणून सव्वापाचचा रस सव्वासातवर आणला की आम्लाने होणारे इन्व्हर्शन शंभरपट मंदावते. मग चुना भरपूर का घालू नये? कारण दुसरी अभिक्रिया वाट पाहत असते: अल्कधर्मी गरम रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून काळपट रंग धरतात. एकीला आवरावे तर दुसरी सुटते, आणि म्हणून सामू सातच्या आसपासच्या अरुंद पट्टीत राखावा लागतो. गंधकाचा धूर रसात सोडतात तो जादा चुन्याचा साका काढायला आणि रंग आवरायला. पुढे पाक आटवणारे निर्वात पॅन. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही कल्पना आणली. हवेचा दाब काढून घेतला की पाक ६५-७० अंशांवरच उकळतो. उघड्या काहिलीत गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. बाकी सारे सारखे धरले तर या दोन तापमानांत इन्व्हर्शनच्या वेगाचा फरक शंभरपटींहून अधिक भरतो. निर्वात पॅनचा खर्च हा त्या शंभरपटीचा खर्च आहे. आणि त्याच कारखान्याच्या आवारातल्या आसवनीत पाहावे, तर इन्व्हर्टेजचे स्वागत असते: यीस्ट आधी याच विकराने मळीतली साखर फोडते आणि मग तिचे अल्कोहोल करते. तिथेही वेग वाढवत नेता येत नाही, कारण किण्वनातून निघणाऱ्या उष्णतेने यीस्टच मरते, म्हणून टाक्या तिशी-बत्तिशीत राहाव्यात यासाठी थंड पाणी फिरवत राहावे लागते.

गुऱ्हाळाला मात्र निर्वाताची गरज नाही, आणि ते मागासलेपण म्हणणे चूक ठरेल. गुळात थोडी फुटलेली साखर आणि आटताना आलेला रंग हा दोष नसून त्याचा स्वभाव आहे. गुळव्या भेंडीच्या बुळबुळीत पाण्याने मळी वर काढतो, चुन्याची निवळी घालतो, चुलवाणातला चिपाडांचा जाळ वाढवतो, शेवटी ओढतो, आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी बोटाने दाबून काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो. तो दोन अभिक्रियांचे गुणोत्तर बोटांनी मोजत असतो: फुटलेली साखर थोडी वाढली तर रव्याला मऊपणा येतो, जास्त वाढली तर ढेप बसत नाही, काकवीच होते, आणि बसली तरी पावसाळ्यात पाणी ओढून पाझरते. शिळ्या उसाचा गूळ का बिघडतो, याचे कारण चुलीवर नसून आदल्या दोन दिवसांत असते. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस ही रंग उडवणारी पूड टाकण्याची चाल पडली, तिच्याबद्दल मला ममत्व नाही. हायड्रॉस रंग आणणारी अभिक्रिया रोखत नाही, झालेला रंग तेवढा पुसते. काही दिवसांत हवेतल्या ऑक्सिजनने तो परत येऊ लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती गंधकाचा अंश उरतो.

बेदाणा हा या सगळ्या विषयाचा सर्वांत घट्ट विणलेला नमुना आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, मिरज या कोरड्या पूर्व भागात फेब्रुवारीपासून शेडवर द्राक्षे पडतात. मण्याच्या आत दोन गोष्टींची शर्यत लागते: पाणी बाहेर जाणे आणि मणी काळवंडणे. पहिली गोष्ट खरे तर रासायनिक नाहीच, ती पाण्याची वाटचाल आहे. आणि मण्यावरचे मेण ती वाट अडवते. लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात द्राक्षे दोन-चार मिनिटे बुडवली, की त्या मेणाची घट्ट वीण सैल होते आणि माल पंधरवड्याच्या आतबाहेर वाळतो. न बुडवता हेच काम महिन्याकडे झुकते. दुसरी गोष्ट पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराची. हे विकर आणि त्याचे भक्ष्य पेशीत वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. पेशी फुटल्या, ऑक्सिजन मिळाला, की ते भेटतात आणि तपकिरी रंग धरतो. म्हणजे बुडवण्याने काळवंडण्याचा वेग थेट कमी होत नाही. शर्यतीतला पहिला धावपटू वेगाने पळवला, की दुसऱ्याला पळायला मैदानच उरत नाही, कारण पाणी संपले की विकरही थंडावते. गंधकाची धुरी मात्र थेट त्या विकरावर घाव घालते. आणि अवकाळी पाऊस आला तर एका रात्रीत हवेतला ओलावा पहिल्या धावपटूचे पाय बांधतो, दुसऱ्याचे नाही. सोनेरी-हिरव्या मालाचा भाव काळ्यावर येतो तो त्यामुळे.

मग वाळलेला बेदाणा पुन्हा शीतगृहात कशाला, हा प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो. पाणी गेले, विकर झोपले, तर आता भीती कसली? इथे ‘संहती’ हा पुस्तकातला घटक अनपेक्षित वळण घेतो. पाणी कमी होत जाते तसतसे मण्यातली साखर आणि अमिनो आम्ले दाट होतात, एकमेकांच्या जवळ येतात, आणि कंदी पेढ्यात जी हवीहवीशी होती तीच तपकिरी करणारी अभिक्रिया जोर धरते. पाणी अगदीच संपले असते तर रेणूंना हलताच आले नसते आणि ती थांबली असती. पण पंधरा-सोळा टक्के पाणी उरलेला मऊ बेदाणा नेमक्या मधल्या पट्ट्यात सापडतो: दाटीही आहे आणि हालचालीपुरते पाणीही आहे. त्याहून वाळवावा तर तो खडा होतो, खाणार कोण? म्हणून उरतो तो तापमानाचा लगाम. घाटाची उंची साखरेच्या इन्व्हर्शनएवढी धरली, तर ३० अंशांवरून ५ अंशांवर नेल्यावर वेग चाळीस-पन्नास पट मंदावतो. तासगाव-सांगलीची शीतगृहे या आकड्यावर चालतात, मालकांनी तो कधी मांडला असो वा नसो.

सांगलीची हळद याच वाटेने जाते, पण वेगळ्या सोयीने. खणलेली हळद आधी शिजवतात; शिजवल्याने कंदाचा जीव आणि त्याची विकरे दोन्ही संपतात, पिठूळ द्रव्य चिकटून रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळवण लवकर उरकते. हळदीचा पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनला अल्कली सोसत नाही आणि उजेडही सोसत नाही. प्रकाश हा घटक पुस्तकातल्या यादीतून सहसा सुटतो, गिऱ्हाइकाच्या खिडकीतल्या बरणीतून सुटत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखाली पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची रीत होती. तोंड लिंपलेल्या पेवात अंधार, वर्षभर एकसारखे तापमान, आणि किडीने ऑक्सिजन संपवून टाकलेली हवा: वेग मंदावण्याच्या तीन अटी विजेविना पुऱ्या होत. पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत कुणी उतरत नसे, यातच त्या हवेचे स्वरूप कळते. चौथी अट कोरडेपणाची. ती २००५ च्या महापुराने मोडली, पेवांत पाणी शिरले, आणि शतकानुशतके नदीकाठच्या ज्या मातीने ही साठवण शक्य केली, तिच्याच नदीने ती बुडवली.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. हे सगळे रसायनशास्त्र मान्य, पण ऊस शिळा होतो तो तोडणीचा कार्यक्रम फसतो म्हणून, रस्ता खराब म्हणून, गव्हाण बंद पडते म्हणून. यात अऱ्हेनियस काय करणार? खरे आहे की विकराचा वेग, मार्चमधले तापमान आणि रसाचा सामू या गोष्टी यार्डात कुणाच्या हाती नसतात, हाती असतो तो वेळच. पण वेळेची किंमत ठरवायला वेगच लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर बांधला आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात उताऱ्याचा ०.१ टक्का म्हणजे एक हजार टन साखर. हा दशांश टक्का कुठे गेला, हे मात्र कुणाला दाखवता येत नाही. फाल्गुनातल्या उन्हात दोन दिवस पडून राहिलेली ट्रॉली आणि सकाळी तोडून दुपारी आलेली ट्रॉली वजनकाट्यावर टनाच्या एकाच भावाने मोजली जाते, गव्हाणीत दोघींच्या मोळ्या एकत्र होतात, आणि एकीने गमावलेली साखर सगळ्या सभासदांच्या सरासरी उताऱ्यातून वजा होते. तासगावच्या सौद्यात तसे चालत नाही. तिथे पेटी ज्याची त्याची असते, खोलून रंग पाहिला जातो, आणि रंग टिकवण्यासाठी भरलेले शीतगृहाचे भाडे दर महिन्याला वेगळ्या कागदावर आलेले असते. बेदाणेवाला मंद अभिक्रियेची किंमत रुपयांत जाणतो, कारण त्याला तिचे बिल येते. उसाला तोडीच्या तासापासून गव्हाणीच्या तासापर्यंत असे बिल लागलेलेच नाही. लागले, तर केनयार्डातली रांग आज जशी लागते तशी लागणार नाही.